सह्यरत्नाचे गुणधर्म

तांबडा पट्टा जिथे संपत होता आणि पांढरा सुरू होत होता, तिथे केसाहून बारीक अशी एक राखी रेघ होती. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नव्हती. दगड खिडकीच्या उजेडात थोडा कलता धरून भिंगातून पाहिलं, तरच दिसत होती. रेघेच्या एका अंगाला लोखंडाच्या गंजाचा रंग, दुसऱ्या अंगाला सायीचा, त्यापलीकडे शेवाळी हिरवा, आणि पार मध्यभागी साखरेच्या कणांसारखे बारीक स्फटिक दाटीवाटीने बसलेले. तळहातावर मावेल एवढी ती चकती साक्षीने टेबलावर ठेवली आणि भिंग पुसून पेटीत टाकलं.

दगड सुंदर होता. हे तिला मान्य करावं लागलं, आणि मान्य करावं लागलं म्हणून तिला आणखी राग आला.

दगड जयराजने पाठवला होता. माधवनगरला बंद पडलेल्या मिलच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा कारखाना होता. माण-खटावकडच्या ओढ्यांतून आणि टेकड्यांच्या उतारांवरून गोळा केलेल्या गारगोट्या तिथे यायच्या, कापल्या आणि घासल्या जायच्या, चकाकायला लागल्या की पेपरवेट, डब्या, अंगठीचे खडे, मुठीएवढे गणपती होऊन महाबळेश्वरच्या बाजारात जायच्या. जयराजने त्या दगडाला नाव ठेवलं होतं 'सह्यरत्न'. घरचा ऊस होता, पण तो वाडवडिलांचा. दगडाचा धंदा त्याने स्वतः उभा केलेला, त्यामुळे त्याचा त्याला फार अभिमान. आता मुंबईत कसलंसं प्रदर्शन भरायचं होतं आणि त्यासाठी नवं माहितीपत्रक छापायचं होतं.

"जाईमावशी, तुमची साक्षी केमिस्ट्री शिकवते ना कॉलेजात?" तो साक्षीच्या आईला म्हणाला होता. "तिला म्हणावं, दगडाचे गुणधर्म आणि उपयोग शास्त्रीय भाषेत लिहून दे. खाली तिचं नाव टाकू. पुढं एम.एस्सी. बी टाकू."

आणि ही चकती त्याने जाईबाईच्या हातात ठेवली होती. जणू मानाची सुपारी.

साक्षी सांगलीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत असे. कुणी काही लिहून मागितलं तर ते तपासल्याशिवाय लिहायचं नाही, ही तिची सवय. तिने चकतीच्या धारेने काचेच्या तुकड्यावर रेघ ओढली; काचेवर चरा उमटला. सुरीचं टोक दगडावर दाबून ओढलं. दगडाला काही झालं नाही, उलट सुरीचंच लोखंड त्यावर काळं होऊन उमटलं. आम्लाचा थेंब टाकला. थेंब पाण्याच्या थेंबासारखा निमूट बसून राहिला. हवेत आणि पाण्यात वजन करून तिने घनता काढली. मग ती लिहायला बसली.

तिने लिहिलं, की हा अकीक आणि जास्पर या गारगोटीच्याच दोन जाती मिळून झालेला दगड आहे. सह्याद्रीचा काळा कातळ जेव्हा लाव्हारस होता तेव्हा त्यात वायूचे बुडबुडे अडकले, रस थिजल्यावर त्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्याने थरावर थर बसवत हा दगड घडवला. तो जवळजवळ सगळा सिलिका, म्हणजे वाळूचंच द्रव्य, आहे. रंग म्हणून जे मिरवतं ती त्यातली चिमूटभर भेसळ: तांबडा आणि पिवळा लोखंडाचा, हिरवाही बराचसा लोखंडाच्याच खनिजांचा. तो पोलादी सुरीहून कठीण आहे. आम्लाने झिजत नाही, पाण्यात विरघळत नाही, कुजत नाही, जळत नाही.

उपयोग लिहिताना तिचा हात थोडा मोकळा झाला. प्रयोगशाळेतला खल याच जातीच्या दगडाचा असतो, कारण कितीही घोटलं तरी त्याचा कण औषधात उतरत नाही. रसायनांच्या नाजूक तराजूची दांडी ज्या धारेवर टेकते ती धार अकीकाची असते. सोनार दागिन्याला ओप द्यायला याचीच गुळगुळीत गोटी वापरतात. जुन्या घरांच्या चुन्याच्या भिंती गारगोटीने घोटून आरशासारख्या केलेल्या असत. आगकाडी नव्हती तेव्हा चुलीतला विस्तव याच दगडाने पेटवला. आणि शोभेला तर तो माणसाने सोन्याच्याही आधी गळ्यात बांधला असेल.

यातलं काहीच खोटं नव्हतं. साक्षीने पेन खाली ठेवलं, उचललं, आणि शेवटचं वाक्य लिहिलं: 'या दगडाची बारीक पूड श्वासावाटे फुप्फुसात गेली तर तिथेही ती विरघळत नाही, ती तिथेच राहते आणि फुप्फुस हळूहळू निकामी करते.'

आतल्या खोलीत जाईबाई खोकत होती. तो खोकला साक्षीला आता वेगवेगळा ओळखू यायचा. हा सकाळचा नव्हता, धापेचाही नव्हता. हा बोलायच्या आधीचा होता.

"लिवलंस का गं?"

"लिहिलं."

"मग वाच की. आमचा दगड हाय, आमास्नी तर कळू दे."

साक्षीने वाचलं. जाईबाई भिंतीला टेकून ऐकत राहिली. भिंती घोटायचं आलं तेव्हा तिचा चेहरा फुलला. "हे खरं हाय. माजी आजी पाटलाच्या माडीला घोटायला जायाची. गारगोटी कमरंलाच बांदल्याली असायची." मग शेवटचं वाक्य आलं आणि चेहरा होता तसा झाला.

"तेवडं खोड."

"का?"

"मालकानं दगडाचं गुन इचारल्यात. माजं न्हाईत इचारलं."

"तो दगडाचाच गुण आहे, आई."

"आसंल. पर लगीनघरात कुनी मयताचं काडतं का?"

साक्षीने पेनाला टोपण लावलं. तिला राग आला की ती गप्प बसत असे. आवाज चढवणं तिला कधी जमलं नव्हतं. पण त्या गप्प बसण्यात गेलं वर्षभर काय काय साठलं होतं, ते तिचं तिलाच माहीत.

जाईबाईला आधी दम लागायला लागला तो जिना चढताना. मग घागर उचलताना. मग नुसतं बोलतानाही. जयराजने तिला आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे पाठवलं, त्याने छातीचा फोटो काढला आणि टीबी म्हणून सांगितलं. गोळ्या झाल्या. दम तसाच. पुन्हा टीबी, पुन्हा गोळ्या. "गोळ्या येळंवर घेतल्या न्हाईत तुमी," डॉक्टर म्हणाला, आणि जाईबाईने ते खरं मानलं, जरी साक्षीने स्वतः एकेक गोळी तिच्या हातावर ठेवली होती. शेवटी साक्षी तिला घेऊन मिरजेला गेली. तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला, बराच वेळ पाहिला, आणि तोवर कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला.

"आजी, तुम्ही काम काय करता?"

"दगुड घासतो."

"ओला का कोरडा?"

"कोरडा."

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. "टीबीच्या गोळ्यांनी टीबी जाईल," ते साक्षीला म्हणाले. "दगड कसा जाईल? जो आत गेला तो गेला. आता आणखी जाऊ देऊ नका, एवढंच आपल्या हातात आहे." त्यांनी आजाराचं नाव सांगितलं: सिलिकोसिस. साक्षीला ते नाव नवीन नव्हतं. पुस्तकात होतं. तिने ते परीक्षेसाठी पाठही केलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ती कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात गेली. तिथल्या माणसाने तिचं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट नव्हता. "तुम्ही तिथं कामाला आहात का?" त्याने विचारलं. नाही. "मग कामगाराची तक्रार आणा. एकीची चालेल, पण नाव हवं. म्हणजे आम्हाला आत जाता येईल. नाहीतर मालक म्हणेल, बाहेरच्या माणसाचं वैर आहे."

एकीचं नाव. दिवाळीपासून साक्षी तेवढंच मागत होती आणि आई देत नव्हती. आता उन्हाळा आला होता. शेडमध्ये दुसऱ्या कुणी देण्याचा प्रश्नच नव्हता. जाईबाई सगळ्यांत जुनी, तिच्या तोंडाकडे बघून बाकीच्या चालायच्या. ती बोलली असती तर तो सरकारी माणूस आला असता, दगड घासायच्या चाकांवर पाणी आलं असतं, धूळ ओढून घेणारे पंखे आले असते. ती बोलत नव्हती.

"आई, नाव दे," साक्षी आज पुन्हा म्हणाली.

"आन् पायलचं चाक?"

पायल म्हणजे जाईबाईची सून, राजरत्नची बायको. राजरत्न महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचा आणि महिन्यातून एकदा यायचा. जाईबाई अंथरुणाला टेकल्यापासून तिचं चाक रिकामं होतं, आणि ते पायलला मिळावं यासाठी तिने जयराजकडे शब्द टाकला होता. ही मिलमधली रीत. मिलमध्ये माणूस थकला, मेला, की त्याची जागा घरच्या माणसाला जायची. आधी बदलीवर, मग कायमची. मिल गेली, पण रीत तिथल्या बायकांबरोबर जयराजच्या शेडमध्ये आली. जमिनीचा सातबारा नसतो त्यांचा हाच सातबारा.

"मिलमदी मी काय करायची, ठाव हाय न्हवं तुला?" जाईबाई म्हणाली. मध्ये थांबून तिने दम घेतला. "खाली सांडल्याला कापूस झाडायची. जलमभर झाडला. सुताच्या साच्याला हात लागला तर मुकादम वरडायचा, 'जाये, लांब हो.' आपल्या वस्तीतल्या येका बाईला साच्यावर घेतलं न्हाई कुनी. आन् हितं पयल्या दिशी जयराज म्हनला, 'जाईमावशी, ह्ये चाक तुमचं.' माजं चाक, साक्षे. ते सुनंला देऊन मगच मी गप पडनार. मदी काडी घालू नगंस."

"तू तिला चाक देत नाहीयेस. तू तिला हा खोकला देतेयस."

"ती तरनी हाय. गूळ खाईल."

गूळ! साक्षीने डोळे मिटून घेतले. कापसाची धूळ घशात बसते म्हणून मिलमधल्या बायका कामाची पाळी संपली की गुळाचा खडा खायच्या. तीच रीत इथे आली. सांगलीत गुळाला काय तोटा? रोज संध्याकाळी जयराज एका ताटात गूळ फोडून ठेवायचा, आणि बायका हात झटकून एकेक खडा उचलायच्या. गुळाने धूळ खाली उतरते, अशी सगळ्यांची खात्री होती. घशातली उतरत असेलही. छातीतली कशी उतरणार? गूळ जातो पोटात आणि धूळ जाते छातीत; वाटाच वेगळ्या. हे साक्षीने आईला चित्र काढून दाखवलं होतं. "चितरात दिसतंय तसं," आई म्हणाली होती, "पर खाल्ल्यावर मोकळं वाटतंय, त्येचं काय?"

जाईबाईने अंगावरची चादर सारली. "उद्या पायलला पयल्यांदा चाकावर बसवायचं हाय. शिकवाय मला बोलीवलंय मालकानं. तू बी चल, कागुद दे त्येच्या हातात. पर तेवडं खोडून."

साक्षीने वाक्य खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेडच्या दारातच महाबळेश्वरला जायच्या खोक्यांची चवड होती. वरच्या उघड्या खोक्यात डब्या, आणि प्रत्येक डबीला दोऱ्याने बांधलेलं एक रंगीत कार्ड. आतापर्यंत चालत आलेलं, जुनं. साक्षीने एक हातात घेतलं. 'सह्यरत्न जवळ बाळगल्यास मन शांत राहते. रक्तदाब आटोक्यात येतो. श्वसनाचे विकार दूर होतात.'

तिने ते पुन्हा वाचलं. श्वसनाचे विकार दूर होतात. आणि हे वाचून महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खात फिरणारी माणसं हा दगड उशाला ठेवायला घरी नेत होती. तो आत ज्या बायकांनी घासला त्या बायका उशी भिंतीला लावून बसल्या बसल्या झोपत होत्या, आडवं झालं की दम लागतो म्हणून. कार्ड तिने परत खोक्यात ठेवलं, नीट, जसं होतं तसं.

आत यंत्रांचा आवाज कानठळ्या बसवणारा होता. दोन्ही भिंतींना लागून कुरुंदाची चाकं गरगरत होती आणि प्रत्येक चाकापाशी एक बाई पाय दुमडून बसली होती. पदर नाकावरून घेतलेला. सगळ्यांचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या. दगड इतक्या रंगांचा, पण त्याची धूळ एकाच रंगाची होती.

"या, या मास्तरीनबाई!" बनाबाई ओरडली. ती जाईबाईच्या शेजारच्या चाकावर बसायची. "चाक पायजे का? आमच्यात आली की पावडर फुकाट. बगा, हिकडं समद्या म्हाताऱ्या. सांजच्याला तोंड धुतलं की समद्या तरन्या. मालक नवऱ्यास्नी फशिवतोय!"

दोघीचौघी हसल्या. बनाबाई हसता हसता खोकली, थुंकली आणि पुन्हा दगडाला भिडली.

पहिल्या चाकावर, जाईबाईच्या जागी, पायल बसली होती. विशीतली मुलगी, नवं काम मिळाल्याच्या आनंदात. साक्षीला बघून तिने हातातला तुकडा उंच धरला. "वन्सं, ह्यो बगा हिरवा निगाला! पयलाच दगड, आन् हिरवा!"

तिच्या बाजूला उलट्या ठेवलेल्या खोक्यावर जाईबाई बसली होती. घरी वीस पावलांत बसकण मारणारी आई इथवर कशी आली, ते तीच जाणे. ती पायलच्या हातावर हात ठेवून शिकवत होती, आणि साक्षी आजवर आईचं काम असं जवळून कधी पाहायला थांबली नव्हती.

"दाबू नगंस. चाकाला त्येचं काम करू दे. आता फिरीव. रंगाची रेग कुटं चाललीय बग. तिच्या कडंकडंनं जा, तिला तोडू नगंस. दिसंना? मग वाक. आनकी वाक. रेग दिसस्तवर वाकायचं."

पायल वाकली. तिचं नाक चाकापासून वीतभर अंतरावर आलं. पदर घसरून हनुवटीवर आला होता.

तेव्हा साक्षीला उमगलं, की आईच का. इतर बायका त्याच शेडमध्ये, तेवढीच वर्षं बसल्या होत्या. खोकत सगळ्याच होत्या, पण आईसारखी कुणी संपली नव्हती. आई कसबी होती. ज्या दगडात बारीक रंगरेषा असतील तो तिच्याकडे यायचा, आणि रेघ जितकी बारीक तितकं जास्त वाकावं लागायचं. जिचं काम सगळ्यांत सुबक, तिने सगळ्यांत जास्त धूळ ओढली. महाबळेश्वरच्या दुकानात ज्या डब्या काचेच्या कपाटात मांडत, त्या तिच्या असायच्या.

"अरे वा, आलं का लिहून?" जयराज आतल्या खोलीतून आला. धुतलेला पांढरा शर्ट, हातात रुमाल. शेडमधून जाताना तो रुमाल नाकाला लावायचा. ती सवय त्याला कधी लागली ते त्यालाही आठवत नसावं. त्याने कागद घेतला, यंत्रं बंद करायला लावली आणि मोठ्याने वाचू लागला. "ऐका गं समद्याजणी, तुमच्या दगडाची थोरवी ऐका."

लाव्हारस, बुडबुडे, तराजूची धार. बायका कौतुकाने ऐकत होत्या. सोनाराचा ओप आला तेव्हा बनाबाई म्हणाली, "म्हंजी सोन्याला बी आमचाच दगुड लागतोय!" जयराज हसला. मग त्याचा आवाज अडखळला. शेवटचं वाक्य त्याने मनातल्या मनात वाचलं.

"मॅडम, हे काय? हे काय उपयोगात बसतं का?"

"गुणधर्मात बसतं," साक्षी म्हणाली. "तेही मोठ्याने वाचा."

"प्रदर्शनाचं पत्रक आहे हे."

"तुम्ही शास्त्रीय भाषेत मागितलं होतं. बाहेरच्या कार्डावर श्वसनाचे विकार दूर होतात असं छापलंय. ते कुठल्या शास्त्रातलं?"

जयराजने कागदाची घडी घातली. "तसं सगळेच लिहितात. गिऱ्हाइकाला बरं वाटतं. त्यानं कुणाचं काय वाईट होतं?"

"यांचं होतं." साक्षीने चाकांपाशी बसलेल्या बायकांकडे हात केला. "चाकावर पाण्याची धार सोडली तर ही धूळ बसते. तुम्हाला हे मी गेल्या वर्षीही सांगितलं होतं."

"आणि मी बी तुम्हाला सांगितलं होतं. ओला दगड फसवतो. पाणी लागलं की समदाच चकाकतो, ओरखडा राहिलेला दिसत नाही. विचारा तुमच्या आईला. ओल्यात असं काम होईल का?"

"पुसून बघावं लागेल. घासायचं, पुसायचं, बघायचं, पुन्हा घासायचं. वेळ जाईल, एवढंच."

"एवढंच!" जयराज आता चिडला. "तुम्हाला बोलायला काय जातंय? मिल बंद पडली तेव्हा या बायांना कोण विचारत होतं हो? सगळ्या दारात बसून होत्या. मी आणलं, मी बसवलं. जात बघितली नाही, वय बघितलं नाही. तुमच्या आईच्या हातचं पाणी मी पितो. सणाला साडी देतो. रोज गूळ देतो. मी काय कसाई आहे का?"

यातलं बरंचसं खरं होतं. तो कसाई नव्हता. तो साधा, उद्योगी माणूस होता, आणि बायका मरत होत्या.

"धूळ बसवणारं पाणी तुम्ही देऊ शकला असता," ती म्हणाली. "तुम्ही गूळ दिलात."

"बरं!" जयराज वळला आणि सगळ्या शेडकडे तोंड करून उभा राहिला. "तक्रार कुणाची आहे? मॅडम इथं कामाला नाहीत. जिची असेल तिनं बोलावं. मी उभा आहे इथंच. बनाबाई? तुला काय तरास हाय?"

बनाबाईने पदराने चाक पुसायला घेतलं. बाकीच्यांनी मान खाली घातली. यंत्रं बंद होती तरी हवेत धूळ तरंगतच होती. कवाडातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात ती सावकाश वरखाली होत होती. डोळ्यांना दिसते ती धूळ निदान खाली तरी बसते. जिने घात केला ती दिसतही नव्हती.

"जाईमावशी, तुम्हीच सांगा," जयराज मऊ आवाजात म्हणाला. "तुम्हाला टीबी होता. डॉक्टरनं तसं सांगितलंय. गोळ्या घेतल्या, आता बरं आहे. होय का न्हाय? सांगा तुमच्या लेकीला. म्हणजे हा विषय मिटला. पायलचं चाक आजपासून पक्कं."

जाईबाई खोक्यावर बसून होती. तिने साक्षीकडे पाहिलं नाही. जयराजकडेही नाही. ती आपल्या चाकाकडे बघत होती, आणि साक्षीला वाटलं, आता ही मान हलवणार. दिवाळीपासून जे झालं तेच आताही होणार. हिला त्या चाकापुढे काही दिसत नाही, माझं शिक्षणही नाही, स्वतःचा जीवही नाही. एवढा संताप तिला आईचा कधीच आला नव्हता, आणि एवढी आईची कीवही.

पायलला या बोलण्यातलं फारसं कळलं नव्हतं. मालक आणि वन्सं भांडतात आणि आपलं चाक पक्कं होतंय, एवढंच तिला समजलं. आपण कामाच्या आहोत हे मालकाला दिसावं म्हणून तिने दगड पुन्हा हातात घेतला, थांबलेल्या चाकापाशी धरला आणि रेघ शोधत खाली वाकली. तिच्या श्वासाने चाकावरची पांढरी भुकटी जराशी उडाली आणि तिच्याच तोंडाकडे परत आली. तिने घसा खाकरला. बारीकसा, एकदाच.

"आत्या," तिने विचारलं, "आनकी वाकू का?"

जाईबाईने हात पुढे केला. साक्षीला वाटलं ती दगड नीट धरायला शिकवतेय. पण तिने पायलच्या हातातून दगड काढून घेतला आणि बाजूला ठेवला. मग तिची हनुवटी धरून तोंड वर केलं, अंगठ्याने तिच्या ओठांवरची भुकटी पुसली. एकदा पुसून निघाली नाही, तेव्हा पुन्हा पुसली.

"ऊट," ती म्हणाली.

"आवं पर आत्या, चाक—"

"ऊट म्हनते न्हवं?"

पायल उठली. जाईबाईही उठली, एका हाताने खोक्याचा आधार घेत. उभं राहायला तिला बराच वेळ लागला. जयराज आधार द्यायला पुढे झाला. तिने हातानेच त्याला थांबवलं.

"मालक, तुमी मला मावशी म्हनला," ती म्हणाली. मध्ये दम घेतला. "त्ये मी इसरनार न्हाई. पर तुमी रुमाल लावून जाताय ह्या वाटंनं." पुन्हा दम घेतला. "मी बगत हुते. रोज बगत हुते. म्हनलं, मालकाला वास येत आसंल आमचा. आमाला सवं हाय त्येची, लोकं नाकाला पदर लावत्यात. वास न्हवता त्यो. तुमास्नी ठाव हुतं."

हातातला रुमाल कुठे ठेवावा, ते जयराजला कळेना.

"जाये, बस खाली," बनाबाई हळूच म्हणाली. "दम लागंल."

"लागू दे." जाईबाई लेकीकडे वळली. तिचे ओठ निळसर झाले होते, पण आवाज शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "साक्षे, त्या सायबाला जाऊन सांग. तक्रार जाईबाई आण्णा होवाळची हाय."